इंग्रजी वाक्प्रचारांची वाट मराठीतूनच जाते

सीमाभागातील मराठी पालकांना एक युक्तिवाद वारंवार ऐकवला जातो. मुलाला मराठी शाळेत घातले तर त्याला इंग्रजी येणार नाही, आणि इंग्रजी आले नाही तर त्याचे पुढे काही खरे नाही. हा युक्तिवाद करणाऱ्यांच्या हाती पुरावा म्हणून बहुधा इंग्रजी वाक्प्रचारांची यादी असते. डाव्या बाजूला शंभर-दोनशे वाक्प्रचार, उजव्या बाजूला प्रत्येकाचा दोन-तीन शब्दांत अर्थ. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेत या वाक्प्रचारांवर प्रश्न असतात, बँकांच्या परीक्षांची तयारी करणारी मुलेही ते घोकत असतात. मराठी माध्यमाचे मूल तिथे अडखळते, म्हणून दोष मराठीचा, असा निष्कर्ष काढून मंडळी मोकळी होतात.

आम्हाला हा निष्कर्ष साफ अमान्य आहे. मराठी माध्यमाचे मूल अडखळते, कारण त्याला इंग्रजी वाक्प्रचार मराठीचा आधार काढून घेऊन शिकवले जातात. इंग्रजी माध्यमाचे मूलही तीच यादी तशीच पाठ करते आणि परीक्षा संपताच विसरते. फरक इतकाच की त्याच्या विसरण्याचा दोष कोणी इंग्रजीला देत नाही. वाक्प्रचार ही भाषेतील अशी गोष्ट आहे की जिच्यात शब्दांची बेरीज करून अर्थ हाती येत नाही. तो अर्थ एखाद्या समाजाच्या धंद्यातून, युद्धातून, खेळातून किंवा धर्मकथेतून आलेला असतो. ती पार्श्वभूमी मुलाला कळण्याजोग्या भाषेत सांगितली पाहिजे, आणि मुलाला सर्वांत आधी कळते ती घरची भाषा. म्हणून आमचे म्हणणे असे की, इंग्रजी वाक्प्रचार चांगले शिकायचे असतील तर ते मराठीतून, त्यांच्या उगमासह आणि मराठी वाक्प्रचारांच्या शेजारी ठेवूनच शिकले पाहिजेत.

प्रथम आपल्याकडे काय आहे ते पाहू. 'गाशा गुंडाळणे' हे आपण रोज म्हणतो. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचे वस्त्र. मुक्काम हलवायचा झाला की स्वार ते गुंडाळून चालू लागे, त्यावरून आज एखादी कंपनी बंद पडली तरी ती गाशा गुंडाळते. मराठे १७५८ साली सिंधुकाठच्या अटकेपर्यंत पोहोचले, त्यावरून 'अटकेपार झेंडा लावणे' आले. १७६१ च्या पराभवावरून 'पानिपत होणे' आले. नारायणराव पेशव्यांचा १७७३ साली खून झाला, त्याभोवतीच्या दंतकथेतून 'ध चा मा करणे' आले. घोडा, किल्ला, मोहीम, दरबारातील कागद, शेत आणि वारी यांनी मराठीचे वाक्प्रचार घडवले. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी संपादिलेला महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश उघडला म्हणजे हा संसार किती मोठा आहे याची कल्पना येते.

आता इंग्रजांकडे वळू. ते बेटावर राहणारे लोक. त्यांचे पोट, व्यापार आणि राज्य जहाजावर अवलंबून होते. त्यामुळे जे काम मराठीत घोड्याने केले ते इंग्रजीत बव्हंशी जहाजाने केले आहे. 'टेकन अबॅक' म्हणजे अवाक होणे, चपापणे. वारा अचानक उलट्या बाजूने येऊन शिडे डोलकाठीवर दाबली गेली की जहाज जागच्या जागी थबके, ही त्याची मूळ अवस्था. 'बाय अँड लार्ज' म्हणजे एकंदरीत. वाऱ्याच्या तोंडाशी जाणे आणि वारा पाठीशी घेऊन जाणे अशा दोन्ही प्रकारे चालणाऱ्या जहाजाविषयी हे शब्द वापरले जात. 'थ्री शीट्स टू द विंड' म्हणजे दारूने झिंगलेला. इथे शीट म्हणजे कापड नव्हे, तर शीड ताणून धरणारा दोर. असे तीन दोर सुटले की शिडे फडफडतात आणि जहाज डोलू लागते. एवढे मराठीत सांगितले, फळ्यावर एक शीड काढून दाखवले, की हे तीन वाक्प्रचार मुलाच्या डोक्यातून सहसा जात नाहीत. यादीतील 'चकित होणे', 'सर्वसाधारणपणे', 'मद्यधुंद' हे तीन कोरडे अर्थ मात्र आठवडाभर टिकत नाहीत.

समुद्रावरचाच आणखी एक वाक्प्रचार सीमावासीयांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. 'नेल युअर कलर्स टू द मास्ट', म्हणजे आपले निशाण डोलकाठीला खिळ्यांनी ठोकणे. आरमारी लढाईत निशाण खाली उतरवले की शरणागती पत्करली असा अर्थ होई. निशाण खिळ्यांनीच ठोकले, तर ते उतरवण्याचा प्रश्न उरत नाही. ११ ऑक्टोबर १७९७ रोजी डच आरमाराविरुद्ध झालेल्या कँपरडाउनच्या लढाईत 'व्हेनरेबल' या जहाजाची डोलकाठी तुटली, तेव्हा जॅक क्रॉफर्ड नावाच्या खलाशाने वर चढून निशाण पुन्हा ठोकल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. या वाक्प्रचाराचा आजचा अर्थ आहे, आपली बाजू उघडपणे जाहीर करणे आणि तिथून माघार न घेणे. 'झेंडा' आणि 'निशाण' या शब्दांचे वजन ज्या मुलाला घरातच कळलेले आहे, त्याला हा अर्थ कोणी वेगळा समजावून सांगावा लागेल काय?

जमावबंदीचा हुकूम सीमाभागात लहान मुलांनाही ठाऊक असतो. मोर्चाचा दिवस जवळ आला की १४४ कलमाची चर्चा घरोघर होत असे. आता नव्या संहितेत त्या कलमाचा आकडा बदलला आहे, हुकूम तोच आहे. या मुलांना 'रीड द रायट ॲक्ट' हा वाक्प्रचार शिकवणे अगदी सोपे आहे. इंग्लंडमध्ये १७१५ साली दंग्यासंबंधीचा कायदा अमलात आला. बारा किंवा अधिक माणसे बेकायदा जमली तर अधिकाऱ्याने राजाच्या नावाने ठरलेला मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा; त्यानंतर एका तासात जमाव पांगला नाही तर तो गंभीर गुन्हा ठरे आणि त्याला देहान्ताची शिक्षा होती. हे वाचन म्हणजे अखेरची ताकीद. त्यावरून आज एखादी आई मुलांना खडसावते किंवा साहेब कारकुनांना दम भरतो, तेव्हाही हाच वाक्प्रचार वापरतात. मराठीत आपण 'चांगली कानउघाडणी केली' असे म्हणू. यादीत मात्र या वाक्प्रचारापुढे नुसते 'कडक शब्दांत बजावणे' असे लिहिलेले सापडते, आणि त्यात कायदा कुठून आला हे कोडे मुलाच्या मनात तसेच राहते.

दोन भाषांतील वाक्प्रचार शेजारी ठेवले की कधी कधी मराठीचेच नवे काही हाती लागते. 'टर्न अ ब्लाइंड आय' म्हणजे आंधळा डोळा वळवणे, समोरच्या गोष्टीकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे. हा वाक्प्रचार नेल्सनच्या कथेशी जोडला जातो. १७९४ साली कॉर्सिकातील काल्वीच्या वेढ्यात त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढे १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठाने माघारीची खूण केली, तेव्हा त्याने दुर्बीण त्या निकामी डोळ्याला लावली आणि खूण दिसत नाही असे म्हटले, अशी ती कथा. आता आपला 'कानाडोळा करणे' पाहा. यात कान आणि डोळा असे दोन अवयव आहेत असे आपल्याला वाटते. पण 'काणाडोळा' हे त्याचे रूप लक्षात घेतले की उलगडा होतो. काणा म्हणजे एका डोळ्याने अधू. काणा डोळा पुढे करून पाहिल्यासारखे करणे आणि न पाहणे, हाच त्याचा भाव. नेल्सनची दुर्बीण आणि आपला काणाडोळा एकाच कल्पनेवर उभे आहेत. एका इंग्रजी वाक्प्रचाराने मराठी शब्दाचा अर्थ उजळला, यापेक्षा भाषाशिक्षणाचा मोठा लाभ कोणता?

सारखेपणाप्रमाणे विरोधही शिकवण्याजोगे आहेत, आणि व्यवहारात फजिती टाळायची तर तेच अधिक महत्त्वाचे. 'पुल समवन्स लेग' याचे शब्दशः मराठी 'पाय ओढणे' असे होते. पण मराठीत पाय ओढणे म्हणजे दुसऱ्याची प्रगती रोखणे, त्याला खाली खेचणे. इंग्रजीत तो निव्वळ थट्टेचा प्रकार आहे, आपल्या 'फिरकी घेणे' याच्या जवळचा. पुण्या-बंगळूरच्या कचेरीत नोकरीला लागलेल्या बेळगावच्या तरुणाने सहकाऱ्याचे हे थट्टेचे वाक्य मराठी अर्थाने ऐकले, तर विनाकारण वैर उभे राहील. तीच गोष्ट हत्तीची. इंग्रजीतील 'व्हाइट एलिफंट' म्हणजे खर्चात बुडवणारी निरुपयोगी वस्तू. सयामचा राजा नको असलेल्या दरबाऱ्याला पांढरा हत्ती भेट देई आणि तो पोसता पोसता त्याचे दिवाळे निघे, या कथेवरून तो आला असे सांगतात. आपल्याकडे 'दारी हत्ती झुलणे' हे वैभवाचे लक्षण.

शिकारीच्या भाषेतही असाच विरोध आहे. झुडपात लपलेले पक्षी उठवण्यासाठी झुडपाभोवती काठ्या आपटणारी माणसे इंग्रज शिकारी बरोबर घेत. मुख्य शिकार बाजूला ठेवून नुसते भोवताली बडवत राहणे, म्हणजे 'बीट अराउंड द बुश', आडवळणाने बोलणे. आपल्याकडेही हाकारे घालून रान उठवत, पण त्यातून 'रान उठवणे' म्हणजे गाजावाजा करून लोकांना जागे करणे असा अर्थ निघाला. कृती दोन्हीकडे जवळजवळ सारखी, पण इंग्रजाला तिच्यात टाळाटाळ दिसली आणि मराठी माणसाला चळवळ दिसली.

एकाच देशातील दोन भाषांतही असे घडते, हे इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना सांगायला नको. सोंगट्यांच्या खेळातील दानावरून हिंदीत 'पौ बारह होना' म्हणजे नशीब फळफळणे. मराठीत त्याच दानावरून 'पोबारा करणे' म्हणजे पळ काढणे. घरात मराठी आणि अंगणात हिंदी ऐकत वाढलेले मूल हा फरक न शिकवताच सांभाळते. वडोदऱ्याचे मूल गुजरातीशी, हैदराबादचे तेलुगू-उर्दूशी, गोव्याचे कोकणीशी असाच व्यवहार करते. दोन भाषांच्या सीमेवर वाढलेल्या मुलाची ही कमाई आहे. शाळेने ती उपयोगात आणायची की अडचण म्हणून मोडीत काढायची, एवढाच प्रश्न आहे.

इंग्रजी वाक्प्रचार शिकताना त्यांच्या वापराची पायरीही कळली पाहिजे. यादीत 'किक द बकेट' याचा अर्थ 'मरण पावणे' असा दिलेला असतो. तो चूक नाही, पण पुरा नाही. एखाद्या विद्यार्थ्याने मुख्याध्यापकांच्या वडिलांच्या निधनानंतर सांत्वनाचे पत्र लिहिताना तो वापरला तर काय होईल? मराठीत 'देवाज्ञा होणे', 'निधन होणे', 'वारणे' आणि 'गचकणे' यांतला फरक त्याला कोणी शिकवलेला नसतो, तरी तो अचूक जाणतो. म्हणून 'किक द बकेट' हा 'गचकणे'च्या पंक्तीतला आहे आणि 'पास अवे' हा 'निधन होणे'च्या, असे सांगितले की एका वाक्यात काम होते. हे सांगायला मराठीच लागते.

तसेच कालमानाचे आहे. 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हे वाक्य आपल्या पाठ्यपुस्तकांत अजून दिमाखाने वावरते, पण आज इंग्लंडातील तरुणांच्या बोलण्यात ते फारसे येत नाही. ते नुसते 'पोअरिंग' म्हणतात. आपण 'मुसळधार' म्हणतो, म्हणजे मुसळाएवढ्या जाड धारांनी पडणारा. जुलै महिन्यात खानापूरच्या रानात किंवा आंबोलीच्या घाटात उभ्या असलेल्या मुलाला हा शब्द डोळ्यांसमोर दिसतो. कुत्र्या-मांजरांचे वाक्य ऐकून ओळखता आले तरी पुरे, ते बोलण्यात आणण्याचा हट्ट कशाला?

या कुत्र्या-मांजरांविषयी एक कथा मोबाइलवर फिरत असते. जुन्या काळी गवताने शाकारलेल्या छपरांवर जनावरे झोपत आणि पावसात घसरून खाली पडत, म्हणून हा वाक्प्रचार आला, असे ती सांगते. भाषेच्या अभ्यासकांनी ही कथा निराधार ठरवली आहे. 'रूल ऑफ थम्ब' म्हणजे अंगठ्याचा नियम, हा वाक्प्रचार बायकोला अंगठ्याएवढ्या जाड काठीने मारण्याची मुभा देणाऱ्या कायद्यातून आला, ही कथाही तशीच खोटी. अंदाजे माप, अनुभवाने ठरवलेला ठोकताळा, एवढाच त्याचा भाव. आपण अंगुळे, वीत आणि हात यांनी मोजत आलो, त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. उगम सांगावा, पण तपासून सांगावा. रंजक कथा खऱ्या उगमापेक्षा लवकर पसरते, हा अनुभव आपल्याला आपल्या इतिहासाविषयीही आहेच.

आता आमच्या चिंतेच्या दुसऱ्या बाजूकडे येतो. इंग्रजी वाक्प्रचार इंग्रजीत न शिकता ते शब्दशः मराठीत ओतण्याची सवय आपल्या वृत्तपत्रांना आणि वाहिन्यांना जडली आहे. सीमाप्रश्नाच्या बातम्यांत 'आता चेंडू कोर्टात' असा मथळा सहज दिसतो. मूळ इंग्रजी वाक्प्रचार टेनिसचा. चेंडू ज्याच्या बाजूच्या मैदानात पडला, पुढची खेळी त्याची. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दावा दाखल केला, तेव्हापासून सीमाभागात 'कोर्ट' या शब्दाचा एकच अर्थ आहे. त्यामुळे 'चेंडू केंद्राच्या कोर्टात' असे वाचले की केंद्राने निराळे न्यायालय काढले की काय, असा प्रश्न साध्या वाचकाला पडावा. त्याऐवजी 'आता पाळी केंद्राची' म्हटले असते तर काय बिघडले असते?

एकमेकांवर जबाबदारी ढकलण्याला इंग्रजीत 'पास द बक' म्हणतात. पोकर या पत्त्यांच्या खेळात पाने वाटण्याची पाळी ज्याची, त्याच्यापुढे एक खुणेची वस्तू ठेवत. ती पुढे सरकवली की जबाबदारी पुढच्याची. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या मेजावर 'द बक स्टॉप्स हिअर' अशी पाटी होती. जबाबदारी इथून पुढे सरकणार नाही, असा तिचा अर्थ. मराठीत यासाठी 'टोलवाटोलवी' हा शब्द आहे. त्यात विटीदांडूचा टोला आहे आणि दोन्हीकडून मारलेले फटकेही आहेत. राज्य केंद्राकडे बोट दाखवते, केंद्र न्यायालयाकडे दाखवते, याला टोलवाटोलवी हा शब्द इतका चपखल आहे की त्याला दुसऱ्या भाषेचा आधार शोधायची गरज नाही.

याचा अर्थ परक्या वाक्प्रचारांना आमची दारे बंद आहेत असा कोणी करू नये. जी वस्तू आपल्याकडे आली, तिच्याबरोबर आलेला वाक्प्रचार इथे रुजतो. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, रात्री गार्डाच्या हातातील कंदील लोकांनी पाहिला आणि 'हिरवा कंदील दाखवणे' हा वाक्प्रचार मराठीत जन्मला. इंग्रज 'ग्रीन लाइट' म्हणतात, कंदील आपला. 'रेड टेप'वरून 'लालफीत' आली, ती रुजली कारण सरकारी कचेरीतील लाल फितीने बांधलेली बाडे मराठी माणसाने डोळ्यांनी पाहिली होती. क्रिकेटची 'हॅट्‌ट्रिक' तर आता खेड्यातील कबड्डीच्या मैदानावरही ऐकू येते. १८५८ साली शेफील्ड येथे एच. एच. स्टीफन्सन या गोलंदाजाने लागोपाठ तीन बळी घेतले, तेव्हा वर्गणी काढून त्याला टोपी भेट दिली, ही तिची कूळकथा. आज मराठी माणूस निवडणुकीतही हॅट्‌ट्रिक साधतो.

अर्थ जुळल्यासारखा वाटणारा आणखी एक शब्द तपासून पाहावा. 'स्केपगोट'साठी आपण बेधडक 'बळीचा बकरा' लिहितो. पण बायबलमधील विधीत दोन बोकड असत. एकाचा बळी दिला जाई आणि दुसऱ्यावर साऱ्या लोकांची पापे लादून त्याला जिवंत रानात सोडले जाई. स्केपगोट हा दुसरा. १५३० साली विल्यम टिंडेलने बायबलच्या भाषांतरात हा शब्द घडवला. आपल्या गावगाड्यात याला जवळचे काही शोधायचे तर साथीच्या दिवसांत गावाची पीडा घेऊन शिवेबाहेर नेला जाणारा मरीआईचा गाडा आठवतो. दुसऱ्यांचा दोष अंगावर घेऊन जो हाकलला जातो, तो स्केपगोट. आणि सीमेबाहेर काढल्या जाण्याचा अर्थ आमच्या वाचकांना निराळा सांगायला नको.

शेवटी एका भ्रमाविषयी. इंग्रजी ही पूर्णपणे परकी, उंचावरची भाषा आहे आणि आपण खाली उभे राहून तिच्याकडे पाहतो आहोत, अशी भावना यादीने पाठ केलेल्या वाक्प्रचारांतून बळावते. वस्तुस्थिती निराळी आहे. 'गो डूलॅली' म्हणजे वेड लागणे, भ्रमिष्ट होणे. ब्रिटनमध्ये आजही हा शब्द बोलण्यात येतो. हे 'डूलॅली' म्हणजे आपल्या नाशिकजवळची देवळाली. तिथे ब्रिटिश फौजेचा तळ होता. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे खितपत पडत. काम नाही, ऊन कडक, दारू जवळ. वाट पाहून पाहून काहींचे डोके फिरे. त्याला शिपाई 'डूलॅली टॅप' म्हणू लागले, आणि त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप. 'हॅव अ डेक्को' म्हणजे जरा बघणे, यातले 'डेक्को' म्हणजे हिंदुस्थानी 'देखो'. 'ब्लायटी' म्हणजे इंग्लंड, मायदेश. तो आपला 'विलायती' शब्द. इंग्रजीतील 'मोंगूस' हे तर मराठी मुंगूसच. इंग्रजी शब्दकोशाच्या घरात मराठी मातीची पावले अशी उमटलेली आहेत. ज्या मुलाला हे सांगितले जाते ते इंग्रजीपुढे मान खाली घालून उभे राहत नाही.

यासाठी काय करावे? सीमाभागातील, तसेच गोवा, वडोदरा, इंदूर, हैदराबाद येथील मराठी शाळांनी आणि जिथे शाळा उरल्या नाहीत तिथे मराठी मंडळांनी व वाचनालयांनी एक वही सुरू करावी. आठवड्याला दोनच इंग्रजी वाक्प्रचार घ्यावेत. प्रत्येकाची कूळकथा मराठीत लिहावी, त्याच्या जवळचा आणि त्याच्याशी विसंगत असा मराठी वाक्प्रचार शेजारी लिहावा, तो कोणाशी आणि कोणत्या प्रसंगी बोलावा हे नोंदवावे आणि मग इंग्रजीतच एक वाक्य रचावे. मराठी वाक्प्रचार मुलांनी घरच्या आजी-आजोबांना विचारून आणावेत. बेळगाव, निपाणी, बिदर, कारवारकडील मुलांनी त्यात शेजारच्या भाषेचेही एक घर ठेवावे. कानडीत म्हणीला 'गादे' म्हणतात, त्या वहीत गाद्यांनाही जागा असावी. आमचा झगडा सक्तीशी आहे, कानडी भाषेशी कधीच नव्हता.

अशा वहीत महिन्याला आठ आणि शाळेच्या दहा महिन्यांत ऐंशी वाक्प्रचार जमतील. पाठ केलेल्या दोनशेंपेक्षा हे समजलेले ऐंशी परीक्षेतही अधिक कामाला येतील, आणि त्यांच्याबरोबर निदान ऐंशी मराठी वाक्प्रचार आजीच्या तोंडून नातवाच्या हाती येतील.

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असे भारतीय संविधानाचे ३५० क हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या बाबतीत राज्यांना सांगते. त्या हक्कासाठी लढणे चालूच राहील, निवेदने आणि दावे होतीलच. पण मराठी शाळेतील मुलाला उत्तम इंग्रजी येते हे दाखवून देणे, हाही त्या लढ्याचाच भाग आहे. कारण पालक शाळा निवडतात ते संविधान वाचून नव्हे, शेजारच्या मुलाचे इंग्रजी ऐकून. ते मूल मराठी शाळेतले असेल, 'डूलॅली' कुठून आले ते इंग्रजीतून सांगत असेल, आणि देवळालीचा उच्चार मात्र देवळाली असाच करीत असेल, तर मराठी शाळेच्या बाजूने याहून निराळा युक्तिवाद आम्हाला करावा लागणार नाही.